ऑपरेशन तर झालं, मग कळ कसली?

वाचकांचे प्रश्न

मणक्याचं ऑपरेशन होऊनही दुखणं राहिलं किंवा काही महिन्यांनी परत आलं, अशा तक्रारींची बरीच पत्रं या वेळी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आली. त्यातली काही निवडून मणक्याचे शल्यचिकित्सक, वेदनातज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची आणि रुग्णालयांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : वय ४६, चाटी गल्लीत कापडाचं दुकान आहे. चौदा महिन्यांपूर्वी एल ४-एल ५ ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, सरकलेली चकती काढली. आठ महिने डावा पाय अगदी मोकळा होता. मग एके दिवशी चादरींचा गठ्ठा उचलताना कमरेत कट्कन झालं आणि तीच कळ त्याच पायात, पोटरीतून अंगठ्यापर्यंत उतरली. एक डॉक्टर म्हणतात आतला व्रण नसेला चिकटलाय, दुसरे म्हणतात चकती परत सरकली, तिसरे म्हणतात स्क्रू टाकून घ्या. ऑपरेशन फसलं का?

उत्तर : ‘फसलं’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. डॉक्टर मंडळीही वर्षानुवर्षं या तक्रारीला ‘फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम’ म्हणत आली. त्या नावातून कारण कळत नाही आणि उपायही सुचत नाही, म्हणून आता ‘परसिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम’ असं म्हणायची पद्धत पडते आहे. दुखणं ऑपरेशननंतरचं आहे म्हणजे ते ऑपरेशनमुळेच आहे, असं नसतं.

पहिला पुरावा एमआरआयच्या आधी तारखांत असतो. ऑपरेशननंतर पायाची कळ एक दिवससुद्धा थांबली नसेल, तर मूळ निदान चुकलं, चकतीचा तुकडा किंवा नसेच्या वाटेतली अडचण तशीच राहिली, क्वचित बाजूचाच मणका उघडला गेला, किंवा नस आधीच इतकी दुखावली होती की दाब काढूनही ती बोलतेच आहे. आधी बरं वाटलं आणि दोन ते सहा आठवड्यांत कंबर रात्रंदिवस ठणकू लागली, तर जंतुसंसर्ग. मधे चांगला काळ गेला, मग झटका बसला आणि त्याच पायात तीच कळ आली, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत चकती पुन्हा सरकली असंच धरायचं. स्क्रू टाकलेल्यांचं वर्षभराने वाढत गेलेलं दुखणं न जुळलेल्या हाडाचं असू शकतं आणि पाच-सात वर्षांनी सुरू झालेलं वरच्या मणक्याचं. तुमचं पत्र यातल्या तिसऱ्या खणात बसतं.

चकती परत कशी सरकते? ऑपरेशनात अख्खी चकती काढत नाहीत. नसेवर आलेला भाग आणि आतले सुटे तुकडे तेवढे काढतात. बाहेरच्या कडक वेष्टनाला पडलेलं भोक पुढं भरून येतं, पण मूळच्या ताकदीने नाही. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना त्याच जागी पुन्हा त्रास होतो. वाकून, कंबर पिळून उचललेला गठ्ठा हे त्याचं नेहमीचं निमित्त.

व्रण की चकती, हा वाद कॉन्ट्रास्ट एमआरआयने मिटतो. शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन लगेच फोटो घेतात. व्रणात रक्तवाहिन्या असतात, म्हणून तो उजळतो. चकतीत त्या नसतात, म्हणून तुकडा काळाच राहतो आणि फार तर त्याची कड उजळते. फोटो घ्यायला अर्धा तास उशीर झाला तर औषध चकतीतही झिरपतं आणि दोन्ही सारखेच दिसू लागतात. म्हणून चिठ्ठीवर ‘पूर्वी ऑपरेशन झालेलं आहे’ हे स्पष्ट लिहून घ्या. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, कारण किडनी अधू असेल तर हे इंजेक्शन विचार करूनच देतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सूज आणि रक्त यामुळे चित्र फसवं येतं. तुम्ही त्याच्या पुढं आहात.

रिपोर्टमध्ये ‘व्रण आहे’ असं वाचून हबकू नका. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या आत व्रण असतोच. ज्यांचं काहीच दुखत नाही त्यांच्याही. निव्वळ व्रण सोडवण्यासाठी पुन्हा उघडलं तर नवा व्रण तयार होतो, त्यामुळे त्यासाठी ऑपरेशन करणं बहुतेकदा पदरात काही टाकत नाही. याउलट तुकडा स्पष्ट दिसतोय आणि तो त्याच पायाच्या त्याच नसेवर आहे, तर दुसऱ्यांदा काढल्यावरही पहिल्यासारखाच आराम पडू शकतो. स्क्रूचा सल्ला वाकून-ताठून काढलेल्या एक्स-रेवर तपासा. मणका चार मिलिमीटरहून जास्त पुढंमागं सरकत असेल, सांध्याचं हाड आधीच बरंच कापलं गेलं असेल, किंवा तिसऱ्यांदा चकती आली असेल, तर स्क्रूचा विचार योग्य. नुसत्या एका पुनरावृत्तीला सहसा त्याची गरज नसते.

पायातली ताकद शाबूत असेल तर सहा आठवडे औषध, थोडं थोडं चालणं आणि हवं तर नसेभोवती स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, इतकं करून पाहा. सरकलेला तुकडा बरेचदा आपोआप आक्रसतो. मात्र रोज सकाळी एक चाचणी करा. भिंतीला हात टेकून दहा पावलं टाचांवर आणि दहा पावलं चवड्यांवर चाला. टाचेवर पाऊल उचललं जात नसेल तर एल ५ ची नस, चवड्यावर उभं राहता येत नसेल तर तिच्या खालची, एस १ ची. चालताना चप्पल निसटून मागं राहते आणि ते चार पावलं गेल्यावर कळतं, ही खूण तर घरातल्यांनाही दिसते. ताकद उतरत चालली असेल तर सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच आठवड्यात सर्जनकडे जायचं. लघवी तुंबली, शौचाचा ताबा सुटला, किंवा सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, तर त्याच रात्री.

दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना नुसता ताजा एमआरआय नेऊ नका. ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय, डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट मागून घ्या. कोणत्या पातळीवर, कोणत्या बाजूने काय काढलं हे नोटमध्येच असतं, आणि जुनं चित्र समोर नसेल तर मूळ निदान बरोबर होतं का हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : आईचं (वय ५८, मधुमेह) ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात ती चालत होती. आता कूस बदलली तरी ओरडते, रात्री झोप नाही, संध्याकाळी अंग कोमट लागतं. टाके कोरडे आहेत. जवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या आहेत. – बार्शी

उत्तर : हे उत्तर अंक छपाईला जाण्याआधीच तुम्हाला कळवलं आहे. बाकीच्यांसाठी इथं देतो.

टाके कोरडे असणं हा दिलासा नाही. चकतीच्या जागेतला संसर्ग आत खोल असतो, वरची जखम स्वच्छ दिसते. सीआरपी आणि ईएसआर या शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. सीआरपी ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत चढतो आणि साधारण दोन आठवड्यांत खाली येतो. ईएसआर उतरायला सहा आठवडेही लागतात. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात ईएसआर चढलेला असला तर फार काही सिद्ध होत नाही, पण सीआरपी उतरून पुन्हा चढला असेल तर तो संसर्गच समजून चालायचं. कॉन्ट्रास्ट एमआरआय आणि रक्ताचं कल्चर लगेच हवं. गरज पडल्यास सुईने आतला नमुना घेतात, आणि तो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतलेला बरा. अंदाजाने दिलेल्या गोळ्यांनी ताप दबतो, जंतू कल्चरमध्ये उगवत नाही, मग सहा आठवड्यांचं इंजेक्शनचं औषध कोणतं द्यायचं हेच ठरत नाही. म्हणून परस्पर चालू केलेल्या गोळ्यांबद्दल सर्जनला आजच सांगा. नमुना टीबीसाठीही पाठवायला सांगा. आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मिळ नाही, आणि कधीकधी ‘चकती’ म्हणून ऑपरेशन झालेलं दुखणं मुळातच टीबीचं निघतं. त्याची औषधं सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळतात, पण हाडाच्या टीबीला ती साधारण वर्षभर घ्यावी लागतात.

प्रश्न : मी विड्या वळते. चकतीचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. पाय एकदम बरा आहे, पण तासभर बसलं की कंबर भरून येते आणि उठताना वाकडीच राहते. एमआरआयमध्ये काही नाही म्हणाले. काम सोडू शकत नाही. – कुंभारी

उत्तर : ताई, पाय बरा झाला म्हणजे ऑपरेशनने त्याचं काम केलं. ते पायाच्या नसेसाठीच होतं. उरलंय ते स्नायूंचं दुखणं, आणि ते एमआरआयच्या रिपोर्टमध्ये सहसा लिहीत नाहीत. मणक्यापर्यंत पोचायला पाठीच्या कण्याला चिकटलेले खोल स्नायू बाजूला सारावे लागतात. ते नंतर सुकतात आणि आपोआप पूर्ववत होत नाहीत. त्यातच तुमचं काम म्हणजे मांडी घालायची, मांडीवर सूप, मान खाली आणि कंबर पुढं गोल. या बैठकीत चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त असतो आणि थकलेले स्नायू तो पेलत नाहीत.

काम सोडायचं नाही, बैठक बदलायची. बुडाखाली चार-पाच इंचांची घट्ट घडी घ्या. जुनी चादर चौपदरी-आठपदरी करून चालेल, गादी नको, ती दबते. गुडघे कमरेपेक्षा खाली आले की पाठीचा बाक आपोआप परत येतो. पाठ भिंतीला टेकवा आणि कमरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी ठेवा. सूप मांडीवर न ठेवता समोर चौरंगावर, कोपर काटकोनात राहील इतक्या उंचीवर घ्या. एक पाय आळीपाळीने लांब सोडा. आणि दोन कट्टे झाले की उठा. दिवसाला हजार विड्या नऊ-दहा तासांत होतात असं धरलं, तर २५ चा कट्टा चौदा-पंधरा मिनिटांचा, म्हणजे दोन कट्ट्यांना अर्धा तास. घड्याळ बघायची गरज नाही. उठून कमरेवर हात ठेवून पाच वेळा मागं झुका, दारापर्यंत जाऊन या, परत बसा. एक-दीड मिनिट जातं. पाला कापायचं काम ओट्यापाशी उभं राहून करता आलं तर दिवसाचा तासभर तसाच वाचतो. भिजवलेला पाला आणताना वजन दोन पिशव्यांत सारखं वाटून घ्या.

नळाला पाणी येतं त्या दिवशी मात्र जपा. पंधरा लिटरची घागर म्हणजे भांड्यासकट सोळा-सतरा किलो, आणि ती जमिनीवरून उचलायची असते. पाइप थेट पिंपात सोडा, नाही तर अर्धी बादली करा. स्नायू तयार होईपर्यंत आठ-दहा किलोंच्या वर नको.

स्नायूंसाठी दोन व्यायाम पुरेत. पहिला : गुडघे आणि तळहातांवर ओणवं व्हा, उजवा हात समोर आणि डावा पाय मागं जमिनीला समांतर ताणा, दहा आकडे मोजा, मग बाजू बदला. आधी प्रत्येक बाजूला सहा वेळा, अर्धा मिनिट थांबून चार वेळा, परत थांबून दोन वेळा. पोटाखाली पाण्याची वाटी ठेवली असती तर सांडली नसती, इतकी कंबर स्थिर हवी. दुसरा : कुशीवर, कोपर आणि वाकवलेल्या गुडघ्यांवर कंबर उचलून धरणं, तेही दहा आकडे. रोज केलं तर आठ ते बारा आठवड्यांनी फरक कळतो, दोन आठवड्यांत नाही. इथंच बहुतेक जण सोडून देतात. दुखण्याला दहापैकी गुण द्यायची सवय लावा : व्यायामानंतर दोन गुण वाढले आणि सकाळपर्यंत उतरले तर चालू ठेवा, सकाळीही तितकंच असेल तर व्यायाम निम्मा करा. बंद करू नका.

प्रश्न : वडील (५२) यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत उभे असतात. दीड वर्षापूर्वी एल ४ पासून खाली स्क्रू-रॉड टाकले. सहा महिने छान गेले, आता कंबर पुन्हा धरते, उभं राहिलं की जास्त. पायात कळ नाही. तंबाखू मळून खातात. स्क्रू काढून टाकावेत का? – अशोक चौक

उत्तर : स्क्रू-रॉड म्हणजे स्लॅबखालचं सेंटरिंग. स्लॅब पक्का होईपर्यंत भार धरायचा, एवढंच त्याचं काम. मणके जोडणारं हाड जुळलं की स्क्रू नुसते बसून राहतात. हाड जुळलंच नाही तर रोजच्या भाराने धातू सैल होतो किंवा तुटतो. म्हणून पहिला प्रश्न, हाड जुळलं का? साध्या एक्स-रेवर ते नेमकं कळत नाही, बारीक कापांचा सीटी स्कॅन करावा लागतो. स्क्रूभोवती काळी कड दिसली तर स्क्रू हलतोय. दोन मणक्यांमध्ये हाडाचा अखंड पूल दिसला तर जोड पक्का आहे, मग कारण दुसरीकडे शोधायचं.

दुसरा संशयित म्हणजे माकडहाडाच्या वरचं सपाट हाड आणि खुबा यांच्यामधला सांधा, सॅक्रोइलियाक. खालचे मणके जोडले की हलण्याचं काम त्याच्यावर येतं. वडिलांना ‘नेमकं कुठं?’ असं विचारा. पट्ट्याच्या रेषेच्या खाली, पाठीच्या खळीपाशी एकाच बोटाने जागा दाखवली, खुर्चीतून उठताना आणि कूस बदलताना कळ आली, तर हा सांधा तपासायचा. एक्स-रेखाली त्यात भूल देणारं औषध सोडतात. तेवढ्या दोन-चार तासांत दुखणं पाऊण तरी गेलं तर आरोपी सापडला. मग स्टेरॉइड किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने छोट्या नसा जाळणं हे उपाय आहेत. जाळलेल्या नसा परत वाढतात, म्हणून आराम सहा महिने ते वर्षभराचा धरावा. वरच्या मणक्यावर जादा भार येऊन तिथं त्रास सुरू होणं हे तिसरं कारण. शंभरात दोन-तीन जणांना दर वर्षी ते होतं, पण दीड वर्षात त्याचा नंबर सहसा मागं असतो.

हाड जुळलेलं नसताना स्क्रू काढणं म्हणजे ओल्या स्लॅबखालचं सेंटरिंग काढणं. आणि जुळलेलं असताना काढले, तरी दुखणं थांबेल याची खात्री नाही.

तंबाखूबद्दल आडपडदा ठेवत नाही. निकोटिन नव्या हाडात येणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतं. विडी ओढा, तंबाखू मळा किंवा मिशरी लावा, निकोटिन रक्तात जातंच. पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर आधी किमान चार ते सहा आठवडे आणि नंतर निदान तीन महिने ते पूर्ण बंद हवं. नाही तर दुसरे स्क्रूही त्याच वाटेने जातील. डी जीवनसत्त्व आणि साखर तपासा. डी कमी निघालं तर ६०,००० युनिटची गोळी बहुधा आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. ती रोज एक घेणारे लोक भेटतात, आणि मग रक्तातलं कॅल्शियम चढून उलट्या आणि गोंधळलेली अवस्था घेऊन दवाखान्यात येतात.

तोवर मागाजवळ एक वीट ठेवा आणि एक पाय आळीपाळीने तिच्यावर. कमरेचा बाक सैल होतो. बीम उचलणं बंद. मालकाशी बोलून काही महिने कांड्या भरण्यासारखं बसून करायचं काम मिळालं तर पाहा.

प्रश्न : प्रीगॅबालिन, मिथाइलकोबालामिन आणि नॉरट्रिप्टिलिन एकत्र असलेली गोळी दहा महिने चालू आहे, शिवाय दुखलं की अ‍ॅसिक्लोफिनॅकची. बीपीच्याही दोन गोळ्या आहेत. पाय सुजतात, सकाळी डोकं जड असतं. एकदम बंद केली तर चार दिवस झोप नाही आणि घाम फुटला. (वय ६१) – मोहोळ

उत्तर : दोन वेगळी दुखणी, दोन वेगळी औषधं. दुखावलेल्या नसेची जळजळ, विजेसारखी चमक, पांघरूण लागलं तरी होणारी आग यावर प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन या जातीची औषधं असतात. हलल्यावर वाढणाऱ्या, ठणकणाऱ्या कंबरदुखीवर ती फारशी चालत नाहीत. चकतीमुळे येणाऱ्या सायटिकात, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेत, प्रीगॅबालिन दिलं तर? ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर तपासलं होतं. २०१७ मध्ये निकाल आला : बनावट गोळीपेक्षा आराम जास्त नाही, चक्कर मात्र जास्त. तो अभ्यास ऑपरेशन झालेल्यांपुरता नव्हता, तरी ‘पायात कळ म्हणून प्रीगॅबालिन’ ही सवय तपासून पाहायला हवी. योग्य मात्रेत सहा ते आठ आठवडे घेऊन फरक नसेल, तर ती पुढं ओढण्यात अर्थ नाही.

पायांची सूज आणि सकाळचं जडपण प्रीगॅबालिनचं असू शकतं. घाम आणि निद्रानाश अचानक बंद केल्याचे. ती उतरवत बंद करतात. नियम किमान एका आठवड्याचा, पण दहा महिने घेतलेल्यांनी तीन-चार आठवडे घ्यावेत, तेही डॉक्टरांनी पायऱ्या लिहून दिल्यावर. नॉरट्रिप्टिलिनमुळे प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते आणि काचबिंदूत त्रास वाढतो. यातलं काही असेल तर सांगा.

आम्हाला जास्त काळजी दुसऱ्या गोळीची वाटते. बीपीच्या गोळ्यांत टेल्मिसार्टनसारखं औषध आणि लघवीचं औषध असं दोन्ही असेल, आणि वर अ‍ॅसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक किंवा इटोरिकॉक्सिब, तर ही त्रयी किडनीवर तीन बाजूंनी येते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना, पाणी कमी प्यायलं गेलं की लवकर. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या आठवड्यातच करा. वेदनाशामक लागलंच तर पॅरासिटामॉल, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. त्यात जोडगोळीतलं पॅरासिटामॉलही मोजायचं. ट्रॅमाडॉल कोणी सुचवलं तर आधीची नॉरट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन दाखवा. हे एकत्र आले की फिट येण्याचा आणि सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर चढण्याचा धोका असतो.

आणखी एक. पुडीत बांधून मिळणारं ‘झाडपाल्याचं’ औषध घेऊन तीन दिवसांत कंबर मोकळी झाली, भूक वाढली, चेहरा गोल झाला आणि साखर चढली, तर पुडीत बहुधा स्टेरॉइड आहे. तेही महिनाभर घेतल्यावर एकदम थांबवू नये.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो, वडील सोलापुरात. दोन ऑपरेशनं झाली, आता उजवा पाय सतत जळतो. पाठीत ‘पेसमेकर’ बसवायचा सल्ला मिळालाय. लाखोंचा खर्च आहे. करावा का?

उत्तर : ते स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर. मज्जारज्जूच्या मागं तारा सरकवून मंद वीज सोडतात, बॅटरी कमरेजवळ कातडीखाली. पहिला प्रयोग १९६७ चा, म्हणजे कल्पना जुनी आहे. ऑपरेशननंतर राहिलेल्या पायाच्या नसेच्या दुखण्यात त्याचा उपयोग होतो. नुसत्या कंबरदुखीत कमी.

पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत आणि विक्रेता एकच बाजू सांगतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी पायाचं दुखणं निम्म्याहून कमी झालेले ४८ टक्के निघाले, नुसत्या औषधांवर ९ टक्के. पण त्यात कोणाला यंत्र लावलंय हे रुग्णाला माहीत होतं. नॉर्वेत ५० जणांना यंत्र बसवून काही काळ ते गुपचूप चालू आणि काही काळ बंद ठेवलं. २०२२ च्या त्या निकालात दैनंदिन हालचालींत फरक दिसला नाही. तिथं विजेची एकच विशिष्ट पद्धत वापरली होती, हेही खरं.

म्हणून आमचा कौल असा. कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये काढता येण्याजोगा दाब उरलेला नाही हे आधी नक्की करा. मधुमेह असेल तर दोन्ही तळपाय जळतात का विचारा, कारण मग दुखणं कमरेचं नसून साखरेचं असू शकतं. बी १२ तपासा. औषधं योग्य मात्रेत होऊन गेली का, झोप आणि उदासी यावर कोणी काम केलं का, हेही पाहा. वर्षभर न झोपलेल्या माणसाची वेदनेची यंत्रणाच तापट होते. त्याला ‘मनाचं आहे’ म्हणून उडवून लावणं चूक, आणि त्याकडे दुर्लक्ष करून यंत्र बसवणंही चूक. त्यानंतर पाच-सात दिवसांची चाचणी : तारा आत, बॅटरी बाहेर. त्या दिवसांत वडिलांना झोपवून ठेवू नका, रोज चालतात तेवढं चालवा. दुखणं निम्मं उतरलं, झोप लागली, गोळ्या कमी झाल्या, तरच कायमचं. यंत्र बसवण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या : बॅटरी रिचार्ज होणारी की नाही, ती बदलायचा खर्च किती, आणि पुढं एमआरआय करता येईल का. तार सरकणं हा सर्वांत जास्त दिसणारा बिघाड, त्यासाठी पुन्हा छोटं ऑपरेशन लागतं.

थोडक्यात

*कळ गेली पण अंगठा बधिर आहे, सात महिने झाले.* – नस सुधारते ती याच क्रमाने : आधी कळ जाते, मग ताकद येते, शेवटी स्पर्श. नवा धागा दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून वेळ लागतो. दीड-दोन वर्षांनी उरेल ते बहुधा कायमचं. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका.

*कमरेचा पट्टा किती दिवस?* – सर्जनने सांगितले तितके आठवडे. पुढं फक्त प्रवासात. वर्षभर पट्ट्यावर राहिलेली कंबर पट्ट्याशिवाय उभी राहत नाही.

*मणक्यात गॅप आहे म्हणतात, तो ऑपरेशनने भरला का?* – ‘गॅप’ हा आजार नाही. दोन मणक्यांत जागा असायलाच हवी. ती कमी झाली म्हणजे चकती झिजली. शब्दच उलटा पडलाय.

प्रश्न : वय ६७, दोन वर्षांपूर्वी मणक्याची नळी मोकळी करण्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा दहा मिनिटं चाललं की दोन्ही पाय भरून येतात, पारावर टेकलं की मोकळे. सायकल मात्र तासभर चालवतो. आषाढीला पायी जायची इच्छा आहे. – मंगळवेढा

उत्तर : काका, सायकलचं लिहिलंत ते बरं केलंत. पुढं वाकलं की मणक्याची नळी रुंद होते, म्हणून सायकल जमते आणि ताठ चालणं जमत नाही. नळी पुन्हा अरुंद झाली असण्याची किंवा बाजूची एखादी वाट मोकळी करायची राहिली असण्याची ही खूण. पण पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या तरीही पोटऱ्या भरून येतात. तिथं नुसतं उभं राहिलं तरी दोन-तीन मिनिटांत आराम पडतो, बसावं किंवा वाकावं लागत नाही, आणि सायकलवरही पोटरी भरते. पावलाच्या वरची आणि घोट्याच्या आतली नाडी डॉक्टरांना दोन्ही पायांवर चाचपायला सांगा. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं तर आधी रक्तवाहिन्यांचा डॉक्टर, मणक्याचा एमआरआय नंतर.

देहू-आळंदीपासून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तेही सलग अठरा-वीस दिवस. या वर्षी ते नको. तपासण्या करून घ्या आणि रोज सकाळी सातच्या आत चालायला निघा. पाय भरायच्या आधी, म्हणजे सातव्या-आठव्या मिनिटाला बसा, दोन मिनिटांनी पुन्हा उठा, असं चार वेळा. दर तीन दिवसांनी प्रत्येक फेरीत एक मिनिट वाढवा. काठी एक नको, दोन घ्या, किंचित पुढं झुकून चालता येतं. आषाढीपर्यंत बसत-उठत दोन तास होत असतील आणि दुसऱ्या दिवशी पाय नेहमीसारखे असतील, तर वाखरीपर्यंत गाडीने जा आणि तिथून पुढचा शेवटचा टप्पा दिंडीबरोबर चाला. पिशवी दुसऱ्याकडे द्या, आणि गर्दी थांबेल तिथं ताठ उभं राहू नका, काठ्यांवर भार टाकून वाका.